चौथा प्रयोग

दिवाळीत आमचं सुरतेतलं उधना ऐकू येतं. एरवी इथे फक्त लूम्स ऐकू येतात. लक्ष्मीपूजन झालं आणि खात्यांना कुलपं लागली (लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्याला आमच्याकडे खातं म्हणतात), की दुसऱ्या दिवशी सकाळी कान अचानक मोकळे होतात. मग कळतं, की गल्लीच्या टोकाला कबुतरं आहेत, वरच्या मजल्यावरचे काका गुळण्या अगदी सुरात करतात आणि आपल्याच भिंतीवरचं घड्याळ बरंच मोठ्यानं चालतं. अर्धी वस्ती ताप्ती लाईनच्या गाडीला लोंबकळत गावी गेलेली असते. उरलेली माणसं सवयीनं ओरडून बोलतात आणि स्वतःच्याच आवाजानं दचकतात.

मी मूळची अकोल्याकडची. लग्न होऊन इथे आले तेव्हा आवाजामुळे झोप यायची नाही. आता दिवाळीच्या सुट्टीत शांततेमुळे येत नाही. माणसाचं काही खरं नाही.

या शांततेला माझ्या लेखी एक नाटक चिकटलेलं आहे. ‘नवरदेव मोठ्यानं बोलतो’ असं त्याचं नाव. संगीत, विनोदी, तीन अंकी. लिहिलं आमच्या ह्यांनी, चाली लावल्या ह्यांनीच, पेटीवरही हेच. पलसाण्याच्या एका रंगाच्या कारखान्यात दिवसभर कापडाच्या छटा तपासून आलेला माणूस घरी येऊन नाट्यपदं लिहायचा, याचं तेव्हा मला फार कौतुक होतं. नवीन लग्नात कौतुक जरा स्वस्त असतं. त्या एका दिवाळीच्या सुट्टीत नाटकाचे तीन प्रयोग झाले आणि पडदा पडला तो पडलाच. वर्तमानपत्रात ओळ आली नाही. एक फोटो आहे, त्यात नायिकेचे डोळे मिटलेले आहेत आणि नायक चौकटीच्या बाहेर बघतोय.

नायिका म्हणजे इंदूताई. आमच्या समोरच्या चाळीतल्या, शिंदखेड्याकडच्या. तेव्हा त्या घरी बसून साड्यांना लेस लावायचं काम करायच्या. त्यांचा आवाज असा, की खालच्या नळावर भांडी घासताना त्या गुणगुणल्या तर रांगेतल्या बायका आपापला नंबर विसरायच्या. त्या दिवाळीनंतर दरवर्षी, खाती बंद झाली की पहिल्या सकाळी, फराळाचं ताट घेऊन इंदूताई माझ्या दारात यायच्या. ताट हातात द्यायच्या आणि एकच शब्द विचारायच्या, “औंदा?”

औंदा म्हणजे यंदा. यंदा चौथा प्रयोग करायचा का, असा तो पूर्ण प्रश्न. केस काळे होते तेव्हापासून त्या विचारत आल्या. इंदूताईंना दागिना नको होता, गावाकडे घर नको होतं. नाटकातलं शेवटचं गाणं पुन्हा एकदा, लोकांसमोर उभं राहून, नवऱ्याच्या शेजारी उभं राहून म्हणायचं होतं. “त्यास्ना बगर मी गाऊ नही,” असं त्यांनी एकदा सांगून टाकलं होतं, आणि खरोखरच त्यानंतर नळावरसुद्धा ते गाणं त्यांच्या तोंडून कधी ऐकू आलं नाही.

यंदा मात्र फराळाचं ताट मी त्यांच्याकडे घेऊन गेले. दुःखाच्या पहिल्या दिवाळीला त्या घरात कढई चढत नाही, शेजाऱ्यांनी न्यायचं असतं. रघूभाऊ होळीनंतर गेले. इंदूताईंनी ताट घेतलं, जाळीच्या कपाटात ठेवलं, मला पाणी दिलं. बाहेर सगळं गप्प होतं. मी वाट बघत राहिले. त्यांनी काही विचारलं नाही.

रघूभाऊ म्हणजे इंदूताईंचे यजमान आणि नाटकाचे नायक. नायकाचं काम त्यांच्याकडे कसं आलं तीही गंमतच आहे. नाटकात खरी बाई हवी असा ह्यांचा आग्रह. मिशा काढलेला, नायिकेच्या वेषातला जॉबर, म्हणजे लूमचा मिस्त्री, त्यांना चालणार नव्हता. इंदूताई एका पायावर तयार. पण घरात सासूबाई होत्या. त्या खाटेवरून उठल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, “मन्हा आंडोर हिरो व्हई, ते मन्ही सून गाई. नही ते नही.” आंडोर म्हणजे मुलगा. झालं, रघूभाऊ नायक झाले. त्यांना विचारावं असं कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

रघूभाऊंसारखा कारीगर त्या खात्यात नव्हता असं सगळे म्हणायचे. त्यांच्यासारखा नटही कुठल्या खात्यात नसेल. प्रेमाचं वाक्य ते तक्रार नोंदवल्यासारखं बोलत. हात कुठे ठेवायचे हा त्यांचा कायमचा प्रश्न होता. हे म्हणायचे, “अहो, नायिकेकडे बघा.” रघूभाऊ म्हणायचे, “दखस ना, भाऊ,” आणि त्यांची नजर इंदूताईंच्या खांद्यावरून मागच्या लूमवर जायची, कुठे तार, म्हणजे धागा, तुटत नाही ना ते बघायला.

कारण तालमी खात्यातच व्हायच्या. पावसाळाभर झाल्या. दुसरीकडे कुठे जागा नव्हती, आणि पाळी संपल्यावर लोकांना घरी जाऊन परत आणणं म्हणजे अशक्यच. दिवसपाळीवाले आणि रातपाळीवाले बदलायचे त्या संध्याकाळच्या वेळात, चालू लूम्सच्या मधल्या वाटेत, तेलकट फरशीवर तालीम. नाटकाची कल्पना अशी, की सुरतेचा लूम कारीगर गावी मुलगी बघायला जातो. आयुष्य खात्यात गेलेलं, म्हणून तो साधी चहाला साखर मागतो तीही ओरडून. मुलीकडच्यांना वाटतं, स्थळ भांडकुदळ आहे. फक्त मुलीला वाटत नाही, कारण तिचा बापही कारीगर होता. ही कल्पना ह्यांना खात्यातच सुचली आणि खात्यात ती कोणालाच विनोदी वाटली नाही. सगळे ओरडूनच बोलत होते.

मी प्रॉम्पटर होते. ह्यांचं अक्षर मला एकटीला लागायचं, एवढीच माझी पात्रता. प्रॉम्पटरला नाटक नेहमी बाजूनं दिसतं. नटाचा एक कान, अर्धं नाक, घामानं भिजलेली पाठ. त्यामुळे असेल, पण त्या नाटकाबद्दल मला कधी फार गहिवर आला नाही. समोर बसलेल्यांना जे दिसलं ते मी पाहिलेलं नाही.

शिवाय माझं प्रॉम्पटिंग कोणाला ऐकूच जायचं नाही. वर्षानुवर्षं लूमशेजारी उभं राहिलेली माणसं, कुजबूज त्यांना कुठून कळणार? पण खात्यात लोक ओठ वाचतात. आवाज न काढता, तोंड मोठं करून, शब्द नुसता दाखवायचा, की पलीकडच्या रांगेतल्या माणसाला कळतो. पोर आजारी आहे इथपासून चहा आला इथपर्यंत सगळा व्यवहार ओठांवर. इंदूताई कारीगराची बायको, त्यांनाही ते येत होतं. त्यांनी मला शिकवलं. म्हणजे मी विंगेत उभी राहून वाक्यं मूकपणे चावून दाखवायची आणि नटांनी ती माझ्याकडे बघून उचलायची. प्रयोगात सगळी पात्रं एकमेकांशी बोलताना डाव्या विंगेकडे बघायची. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं म्हणे मध्यंतरात विचारलंही, की सगळ्यांचं जिच्यावर मन आहे ती बाई बाहेर का येत नाही?

आता गाण्याकडे येते. नाटकात पदं पुष्कळ होती. आमच्या ह्यांचा जीव होता दुसऱ्या अंकातल्या विरहाच्या पदावर, ज्यात चंद्र, चकोर आणि आणखी काही पक्षी होते. ते आज ह्यांनाही पाठ नाही. शेवटचं जोडपद मात्र एका चहाच्या वेळात लिहिलेलं, इंदूताईंच्या अहिराणीत, त्यांनाच विचारून विचारून:

मन्हा ताना, तुन्हा बाना, एकच बनी लुगडं,
दिवाळीले घडी मोडू, गाव दखी सगळं.

उभा धागा माझा, आडवा तुझा, मिळून एक लुगडं होईल. दिवाळीला ते पहिल्यांदा नेसू आणि गावाला दाखवू. एवढंच. याला ह्यांनी चाल लावली ती पेटीवर नाही, लूमवर. धोटा इकडून तिकडे जातो तो ठेका, खटाक्-खट, खटाक्-खट, त्यावरच शब्द बसवले. तालमीत ते गाणं इतकं झकास व्हायचं, की शेजारच्या रांगेतले परप्रांतीय कारीगरसुद्धा माना हलवायचे. रघूभाऊ एरवी लाकडाचे, पण या गाण्यात त्यांचे पायही आपोआप ठेका धरायचे. इंदूताईंचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा व्हायचा. त्यांना नवरा पहिल्यांदाच आपल्याबरोबर कुठे तरी चाललेला दिसत होता.

प्रयोग अर्थातच दिवाळीच्या सुट्टीत ठेवला, लोक मोकळे असतात म्हणून. खात्याच्या मागच्या मोकळ्या जागेत फळ्यांचं स्टेज, खात्याची मागची भिंत हीच रंगमंचाची मागची भिंत, तिच्यातल्या दारावर कोऱ्या कापडाचा पडदा. सगळ्याचा विचार केला होता. बसायला ताडपत्र्या, लहान मुलांसाठी पुढची जागा, बायकांसाठी उजवी बाजू. दिवाळीच्या सुट्टीत लूम्स बंद असतात, हे पावसाळाभर इतक्या माणसांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

पहिल्या प्रयोगात जोडपद सुरू झालं आणि दुसऱ्या ओळीतच दोघं दोन वाटांना गेले. ढोलकीवाला होता. चांगला वाजवत होता. पण ढोलकी कानात वाजते आणि लूम पायात वाजतो. पायाखाली काही हलत नाही म्हटल्यावर रघूभाऊंना गाणं सुरू झालंय हेच पटेना. इंदूताई एकट्या ओढत नेत होत्या. शेवटी ह्यांनी पेटी बंद करून पडदा पाडायला सांगितलं. लोकांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या, त्या आम्हाला जास्त लागल्या.

दुसऱ्या दिवशी हे शेठकडे गेले. शेठ सुरती, दिलदार, पण धंद्याचा माणूस. म्हणाले, “एक लूम चलावो ने, भाई. पण खाली नहीं. कापड तो नीकळवुं जोईए.” नाटकासाठी लूम चालवायला हरकत नाही, पण रिकामा चालवायचा नाही, कापड निघालं पाहिजे. म्हणून मागच्या दाराजवळच्या लूमवर ताण्याचा बीम होता तसाच ठेवून, तार भरून, तो एकटाच चालू केला. पडद्याच्या मागे खटाक्-खट सुरू झालं, फळ्या थरथरायला लागल्या आणि दोघांचे चेहरे उजळले.

दुसऱ्या प्रयोगात जोडपद असं लागलं, की मी हातातली संहिता मिटून ठेवली. “एकच बनी लुगडं” झालं. आणि पडद्यामागे लूम थांबला. तार तुटली होती.

रघूभाऊंनी काय करावं? दुसरा कुठलाही नट असता तर गात राहिला असता, किंवा गोंधळून उभा राहिला असता. रघूभाऊंनी इंदूताईंचा हात सोडला, वळले, पडदा बाजूला केला आणि लूमपाशी गेले. फेट्यासकट. तुटलेलं टोक शोधलं, गाठ मारली, दांडा ओढून लूम चालू केला, हात धोतराला पुसले आणि परत येऊन इंदूताईंचा हात धरला. त्यांच्या मते या मधल्या वेळात काही घडलेलंच नव्हतं.

मधल्या वेळात स्टेजवर इंदूताई एकट्या होत्या. त्यांनी काय केलं ते मी बाजूनं पाहिलं. त्यांनी उजवा हात वर उचलला आणि अंगठा नि बोट जुळवून हवेत गाठ मारली. नवरा आत जे करतो आहे तेच, त्याच वेळी. समोर सगळी खात्यातलीच माणसं बसलेली. एक क्षण गेला आणि ताडपत्रीवरचे सगळे हात वर झाले, सगळ्यांनी गाठ मारली, आणि असा हशा उसळला की रघूभाऊ परत आले तेव्हा त्यांना वाटलं, आपलं धोतर सुटलंय. लूम सुरू होताच इंदूताईंनी नेमक्या खटक्यावर “दिवाळीले” उचललं. मी त्या नाटकात आनंदी झाले असेन तर तेवढ्यापुरती.

“मी काय वाईट कयं?” रघूभाऊ नंतर विचारत होते. “तार तुटनी ना. लूम बंद पडनं, ते काय मी गात उभा राहू?” लोकांचं हसणं त्यांना समजलं नाही आणि आवडलंही नाही. उभ्या आयुष्यात त्यांचा लूम विनाकारण बंद राहिला नव्हता. जे काम ते मान खाली घालून चोख करत आले, त्यावर सगळं गाव हसलं होतं. इंदूताई समजावत होत्या, की लोके तुमले नही हासनात, त्यासले आवडनं. पण प्रेमाचं हसणं आणि टिंगलीचं हसणं यांचा आवाज सारखाच असतो, आणि रघूभाऊंना तसंही कमी ऐकू यायचं.

तिसऱ्या प्रयोगाला गर्दी मावेना. दिवाळी सरता सरता चलथाणच्या साखर कारखान्यासाठी ऊसतोडीच्या टोळ्या येऊन उतरतात, खानदेशातून. त्यांच्या कानावर गेलं होतं. बैलगाड्या जोडून ती माणसं उधन्याला आली, बायकापोरांसकट. सगळ्यांना तार तुटायची गंमत बघायची होती. रघूभाऊंनी आधीच बजावलं होतं, तार तुटली तर जाईन, नाही तुटली तर नाही जाणार, खोटं खोटं जमणार नाही.

आता आमचे हे. नाटककाराला टाळी दिसली की त्याची बुद्धी कुठे जाते कोण जाणे. हे पेटी सोडून पडद्यामागे जाऊन बसले आणि नेमकं “लुगडं” वर, माझ्या शिलाईच्या डब्यातल्या कात्रीनं, तार कापली.

लूम थांबला. रघूभाऊ वळून आत गेले. इंदूताईंनी हात वर करून गाठ मारली, सगळ्या मैदानानं मारली, हसू उसळलं आणि ओसरलं. रघूभाऊ आले नाहीत. इंदूताईंनी पुन्हा गाठ मारली. लोक पुन्हा हसले, जरा कमी. माझ्या जागेवरून पडद्याच्या फटीतून मला आतलं दिसत होतं. तुटलेल्या तारेचं टोक विस्कटलेलं असतं, कापलेल्याचं सरळ. रघूभाऊ ते सरळ टोक बोटावर घेऊन उभे होते आणि ह्यांच्याकडे बघत होते. हे कात्री पाठीमागे लपवत होते. बाहेर मैदान गप्प झालं होतं. इंदूताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि आवाज न काढता, ओठांनी विचारलं, “येस का?”

येतोय का? मला माहीत नव्हतं. मी ओठांनीच म्हटलं, येतात, येतात.

आले. गाठ मारली, लूम चालू केला, हात पुसले, बायकोचा हात धरला आणि गाणं शेवटपर्यंत म्हटलं. ऊसतोडीच्या माणसांनी ते तीनदा म्हणायला लावलं, तिन्ही वेळा त्या जागी थांबून, हात वर करून. पडदा पडल्यावर रघूभाऊ ह्यांच्यापाशी आले आणि शांतपणे म्हणाले, “तार तुटस, भाऊ. कोनी तोडतस नही.” मग ते घरी गेले. सुट्टी संपली, खाती सुरू झाली, बोललेलं कोणाला ऐकू येईनासं झालं. नाटकाचं पुढे काय झालं असं कोणी विचारलं तर मी सांगते, ते तिथेच संपलं.

गाणं मात्र कोणाला न विचारता निघून गेलं. चलथाणच्या फडात ते ऊस तोडताना म्हटलं गेलं म्हणे, आणि टोळ्या परतल्या तेव्हा त्यांच्याबरोबर गावोगाव पोचलं. ऊस तोडायला लुगड्याचं गाणं काय कामाचं? तिथून ते हळदीत शिरलं. “दिवाळीले” जाऊन “हळदीले घडी मोडू” झालं. पहिल्या ओळीनंतर थांबायचं, हात वर करून हवेत गाठ मारायची, हे राहिलं. त्या माणसांनी फक्त तिसरा प्रयोग पाहिला होता. त्यांच्या दृष्टीनं ते थांबणं म्हणजे गाण्याचाच भाग. ज्यांनी कधी लूम पाहिला नाही अशा बायका ती गाठ मारायला लागल्या. कोणी सांगतं ती लग्नगाठ, कोणी सांगतं नजर बांधायची रीत. फक्त थांबणं आखडत आखडत एका टाळीएवढं उरलं. लग्नघरात कोणाला वेळ असतो?

मग त्या गावांतल्या मुली सुना होऊन सुरतेला आल्या आणि येताना आमचं गाणं आम्हाला घेऊन आल्या. आमच्या गल्लीत ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हे जेवता जेवता उठले. खाली जाऊन त्यांनी त्या बायकांना सांगितलं, की हे माझं गाणं आहे आणि शब्द चुकताहेत. बायकांनी आदरानं ऐकून घेतलं, त्यांना खुर्ची दिली, आणि एकीनं दुसरीला विचारलं, की काका किती दिवसांपासून असे आहेत? तेव्हापासून हे लोकगीतांबद्दल फारसं चांगलं बोलत नाहीत.

रघूभाऊंनी ते पाहिलं आपल्या बहिणीच्या गावी, भाचीच्या हळदीला. मीही होते. ओसरीत बायका गात होत्या, रघूभाऊ दारात उभे. सगळ्यांचे हात वर झाले. मला वाटलं, आता रघूभाऊ निघून जाणार, इतक्या लांबसुद्धा आपली टिंगल पोचली म्हणणार. ते पुढे झाले आणि एका पोरीचा हात धरून म्हणाले, “अशी गाठ टिकस नही, बेटा.” हळदीच्या ताटातलं सूत घेऊन त्यांनी खरी कशी मारायची ते दाखवलं. टोकं एकमेकांवर अशी, अंगठ्याखालून अशी, ओढ. पोरी हसल्या. यावेळी तेही हसले. येताना एसटीत इंदूताईंनी हळूच विचारलं, “औंदा?” खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, “दखसूत.” बघू. तेवढ्या एका शब्दावर त्या बाईनं पुढची दिवाळी काढली. पण त्या वर्षी शेठच्या मुलांनी जुने लूम्स भंगारात घातले, खात्यात पाण्याच्या झोतावर चालणारी नवी मशिनं आली. त्यांचा नुसता सळसळाट असतो, ठेका नसतो. मग रघूभाऊंना आयतं उत्तर सापडलं, “आते ते लूमच नही.” मला वाटतं, ते त्यांना टाळायचं म्हणून नव्हतं. लूमशिवाय पायानं ठेका कसा धरायचा हे त्यांना खरंच कळत नसावं. मला त्यांचा राग यायचा. आता येत नाही, नुसती चुटपूट लागते.

यंदा तुळशीचं लग्न झालं आणि लगेच तेजलचं ठरलं. तेजल म्हणजे इंदूताईंची नात. घरात दुःख झालं की लग्न वर्षाच्या आत करा, नाहीतर थांबा, म्हणून घाई. हळद चाळीच्या गच्चीवर होती. मुलाकडच्या बायका शिंदखेड्याच्या पलीकडून आलेल्या, आवाजाच्या भरभक्कम. इंदूताई खुर्चीवर, गुडघ्यांवर शाल. मी जिन्याच्या दाराशी, हळदीचं तेल उडू नये अशा बेतानं. जागा अशी मिळाली, की इंदूताई मला बाजूनं दिसत होत्या.

मुलाची मावशी पुढे झाली. “आते आमना गावनं जुनं गानं,” असं म्हणून तिनं सुरुवात केली. मन्हा ताना, तुन्हा बाना. इंदूताईंना तिनं मायेनं सांगितलं, “तुमले सुरतमा हाई माहीत नही व्हई, आजी. सोपं शे. आमना मांगे मांगे म्हना.” मी तोंड उघडलं होतं. इंदूताईंनी मान किंचित हलवली, राहू दे अशी.

तेजल हळदीनं पिवळी होऊन बसली होती. तिला आजीचं नाटक वगैरे काही ठाऊक नाही, फोटोतली बाई कोण हे तिनं कधी विचारलेलं नाही. ती सहज म्हणाली, “आजी, गा ने.” आणि इंदूताई गायला लागल्या. काहीही ठरवल्यासारखं नाही. आवाज चिरकला होता, वरचा सूर कापत होता. मन्हा ताना, तुन्हा बाना, एकच बनी लुगडं. शालीखाली पाय ठेका धरत होता, खटाक्-खट.

सगळ्यांचे हात वर झाले, एक टाळीभर गाठ मारली आणि मावशीनं “हळदीले” उचललं. बायका पुढे गेल्या. इंदूताई गेल्या नाहीत. त्यांचा हात वरच होता, अंगठा आणि बोट जुळलेलं. त्यांनी गाठ मारली. थांबल्या. पुन्हा मारली. गाणं त्यांच्या आजूबाजूनं पुढे चाललं होतं आणि त्या गाण्याच्या त्याच जागी अडल्या होत्या, जणू मागच्या पडद्याकडे कान लावून. मग त्यांनी मान वळवली, गर्दीत मला शोधलं आणि आवाज न काढता ओठ हलवले.

“येस का?”

माझ्याच्यानं येतात म्हणवेना. इतक्या वर्षांत मला त्या नाटकाचं रडू आलं नव्हतं, ते तिथे, गच्चीच्या दारात आलं. पण प्रॉम्पटरनं रडून भागत नाही. नट थांबला की पुढचा शब्द द्यायचा असतो. मी तोंड मोठं केलं आणि ओठांवर नीट चावून दाखवला: दिवाळीले.

त्यांनी तो उचलला. सगळ्या बायकांचं संपत आलेलं असताना, एकटीनं, आपल्या खटक्यावर. दिवाळीले घडी मोडू, गाव दखी सगळं. शेवटच्या सुरावर हात खाली आला आणि त्यांनी तो शालीला पुसला.

“आजी मांगे पडनी,” मावशी हसून म्हणाली. वाईट भावनेनं नाही. बाकीच्याही हसल्या. इंदूताईही हसल्या.

चौथा प्रयोग एका ओळीचा झाला. प्रॉम्पटर मीच होते.